तिघींची एकेक गोळी

मला गोळ्या आवडतात. खायला नाही, बघायला. मीरा रोडला हाटकेशच्या एका छोट्या औषध कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. आमच्या टेबलावर काचेची भांडी ओळीने लावलेलं एक यंत्र आहे. भांड्यांत अंगाच्या उबेइतकं कोमट पाणी, त्यात पोटात असतं तसं आम्ल, आणि प्रत्येकात एक गोळी. वर दांडी गरगरत राहते. गोळी विरघळते का आणि किती वेळात, एवढंच बघायचं. माझ्याबरोबरच्या मुली तेवढ्यात मोबाइल बघून घेतात. मी भांड्यांसमोरून हलत नाही. दुखण्याच्या काही गोळ्यांवर एक खास मुलामा असतो. आम्लात तो ढिम्म हलत नाही. मग भांड्यातलं पाणी बदलून आतड्यात असतं तसं केलं की त्याच हट्टी गोळीच्या कडा मऊ होतात, रंगाची साय सुटते आणि बघता बघता सगळं भांडं गढूळ होतं. इतक्या वर्षांनीही ते बघताना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. आई म्हणते, लोकांच्या पोरी पिक्चर बघून खूश होतात, आमची गोळी विरघळली की खूश.

दोष माझ्या कॉलेजातल्या एका बाईंचा. त्यांनी आम्हाला दुखण्याच्या गोळीचा इतिहास असा सांगितला होता की तास संपल्याचं कुणाला कळलं नाही. लोक आधी विलो नावाच्या झाडाची साल चघळायचे, ताप आणि अंगदुखी उतरायची. सालीतला गुण काढून त्याची पूड केली, ती लागू पडायची पण पोट जाळायची. मग त्या रेणूला एक लहानशी शेपटी जोडली आणि जगभर गेलेली पांढरी गोळी तयार झाली. आणि गंमत ही, की पुढची सत्तरेक वर्षं सगळं जग ती गोळी खात होतं, पण ती नेमकं काय करते हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तोवर तिची भावंडंही बाजारात आली होती. मग कळलं, की दुखलेल्या जागी शरीर स्वतःच एक रसायन बनवतं, सूज आणि ठणका त्याच्यामुळे. गोळी फक्त ते रसायन बनवणारा कारखाना बंद पाडते. दुखणं बरं करत नाही, दुखण्याची बोंब बंद करते. हे ऐकून मी त्या दिवशी घरी पळत आले होते. आई भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलं बोंब बंद केली. ऐकणारं कोण आहे?"

आई तशीच होती. तिच्या तोंडून 'मला दुखतंय' हे दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते. हाताला पोळलं तर पाण्याखाली धरायची आणि ओठ घट्ट मिटायची. बाबा गेले तेव्हाही तिने तेच केलं. बाबांनंतर सिल्व्हर पार्कच्या घरात आम्ही दोघीच, आणि आई साठीला टेकलेली. मी तापट, बोलघेवडी, सगळं तोंडावर सांगणारी. आमचं जमायचं, कारण तिच्या वाटचंही मीच बोलून टाकायचे.

आणि या आईला काय हवं होतं, तर लेझीम.

मराठवाड्यातल्या तिच्या गावी चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पुरुष खेळायचे. बाया दाराशी उभ्या राहून बघायच्या आणि मिरवणूक दाराशी आली की ओवाळायच्या. आईला लहानपणी भावाची लेझीम हातात घ्यायची परवानगी होती, ती घासून पुसून ठेवण्यापुरती. इकडे मीरा रोडला आमच्या आसपासच्या इमारतींत मराठवाड्यातली, कोकणातली आपली माणसं आली, विहार झाला, मिरवणूक सुरू झाली, तरी बाया मागेच. पांढऱ्या साड्या नेसून, दोन ओळी करून, शांतपणे. आईने आधी एकेकीच्या घरी जाऊन चहा पिता पिता पटवलं, मग विहाराच्या सभागृहात सराव सुरू केला, आणि या वर्षी मंडळाने मान्य केलं की बायकांचं पथक मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे चालेल. आमच्या इथे हे पहिल्यांदाच होणार होतं. फक्त मंडळाच्या कार्यकर्त्याने एक अट घातली. पोलिसांनी वेळ बांधून दिलेली असते, पुढचं पथक थांबलं तर मागची सगळी मिरवणूक तुंबते. बायकांना दम लागला, रेंगाळल्या, तर त्यांना तिथल्या तिथे बाजूला करून पुरुषांचं पथक पुढे काढणार. आई शिट्टी वाजवून हुकूम देणारी, म्हणजे पुढच्या ओळीच्याही पुढे ती एकटी. ती थांबली की सगळं थांबणार.

आणि तिचा उजवा गुडघा गेल्या दिवाळीपासून कुरकुरत होता.

गुडघे सगळ्यांचेच कुरकुरत होते. पथकातल्या बहुतेक बाया पन्नाशीच्या पुढच्या. लेझमीत नुसतं चालायचं नसतं. वाकायचं, उकिडवं बसायचं, बसल्या जागी ठेका धरायचा, पुन्हा झटक्यात उठायचं. पण उत्साह असा की विचारू नका. संध्याकाळी सभागृहाचं दार उघडायच्या आधी बाया पायरीवर येऊन बसलेल्या असायच्या. आमच्या पथकात एक बाई आमच्यातली नव्हती. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली, आमच्या गेटवर कित्येक वर्षं मासळी घेऊन बसणारी काकी. एकदा सरावाचा आवाज ऐकून ती बघायला आली, पाटी भिंतीशी ठेवली, पदर खोचला आणि थेट ओळीत उभी राहिली. नाचणं तिच्या रक्तातच होतं. आम्ही आठवडा घालवलेला ठेका तिने तासाभरात उचलला. मीही मागच्या ओळीत होते, पण माझी लेझीम कायम अर्धा ठोका पुढे. आई म्हणायची, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

सराव संपला की गोल करून बसायचं आणि पिशव्या उघडायच्या. आमच्याकडे देण्याला फार मोल आहे. विहारात लहानपणापासून दान शिकवलेलं असतं, पौर्णिमेला खीर वाटतात, कुणाच्या घरी काही गोडधोड झालं तर चार दारी जातंच. तेव्हा त्या पिशव्यांतून काकडी निघायची, चिवडा निघायचा, भाजलेले शेंगदाणे निघायचे, आणि त्यांच्याबरोबर गोळ्या निघायच्या. जिला जी लागू पडली ती तिने मैत्रिणीला द्यायची. मेडिकलमध्ये पूर्ण स्ट्रिप कुणी घेत नाही, दुकानदार कात्रीने दोन-चार गोळ्यांचा तुकडा कापून देतो. असे चंदेरी तुकडे हातोहात फिरायचे. मी कारखान्यातून बहुधा उशिरा यायचे, तोवर हा कार्यक्रम उरकलेला असायचा. मला बघितलं की तुकडे झटकन पिशवीत, कारण मी आले की भाषण सुरू होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

फाल्गुन पौर्णिमेला आईने अष्टशील धरलं होतं. दर पौर्णिमेला ती धरते. पांढरी साडी नेसायची, विहारात जायचं, आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्न नाही. पाणी, लिंबाचं सरबत चालतं. काकी त्या दिवशी येणार नव्हती, कोळीवाड्यात होळी म्हणजे वर्षाचा सण. पण बाकीच्यांनी सराव ठेवला होता. मी त्या दिवशी लवकर सुटले आणि रिक्षाने थेट सभागृहात गेले.

आई पुढे उभी होती. पांढऱ्या साडीत तिचा चेहरा साडीइतकाच पांढरा दिसत होता. तिने शिट्टी वाजवली, सगळ्या बसल्या, तिने पुन्हा शिट्टी तोंडाशी नेली आणि ती वाजलीच नाही. ती सावकाश एका कुशीवर कलली. लेझीम हातातच होती, पडताना तिच्या चकत्या खणखणल्या. मी धावले. तिचा हात थंडगार आणि घामाने ओला होता. ती डोळे उघडून म्हणाली, "उगं बोंब मारू नको, चक्कर आली नुसती."

मी बोंब मारलीच. चांगली मोठ्याने मारली, आणि तासाभरात आई जवळच्या एका हॉस्पिटलात सलाईनवर होती.

डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने नाडी बघितली, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि आईला अगदी साधा प्रश्न विचारला, की शौचाला काळं होतं का. आईने आधी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघत म्हणाली, चार दिवसांपासून डांबरासारखं काळं होतंय. पोटात रक्त गळत असलं की ते असं काळं होऊन येतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. डॉक्टरने विचारलं, दुखण्याच्या गोळ्या घेता का, किती घेता. आई म्हणाली, एखादी. आणि ओठ मिटले.

मी घरी गेले. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यामागे तिचा जुना सुपारीचा डबा होता. सुपारी तिने सोडून जमाना झाला. डबा उघडला तर आत चंदेरी तुकड्यांचा खच. काहींवर नाव होतं, काहींवर नावाची नुसती शेपटी, काही कोरे. मी ते ओट्यावर पसरले. भीती तर वाटत होतीच, पण दुसरंही काहीतरी वाटत होतं, खोटं का बोलू. कारण मला त्या गोळ्या नावाशिवाय ओळखता येत होत्या. ही भगवी, मुलाम्याची, ही आम्ही स्वतः तपासतो. ही पिवळी लांबट, हिच्यात त्याच औषधाची सख्खी बहीण आहे, सोबत तापाची गोळी मिसळलेली. ही पांढरी, नाव तिसऱ्याच कंपनीचं, पण नावाखाली बारीक अक्षरांत औषध तेच. डब्यात एवढे रंग, एवढी नावं, आणि शेवटी सगळा एकाच घरातला गोतावळा. मी एकटीच त्या ओट्यापुढे मोठ्याने म्हणाले, अगं ही तर तीच आहे, ही पण तीच आहे. मग सगळे तुकडे पुन्हा डब्यात भरले आणि रिक्षा पकडली.

आईचं स्पष्टीकरण तयार होतं. सकाळची गोळी आधी गुडघा दाखवला होता त्या डॉक्टरांची. ती त्यांनी पाच दिवसांसाठी लिहून दिली होती, पण मेडिकलवाला विचारत नाही म्हणून चालूच राहिली. दुपारची काकीने दिलेली. काकी आदल्या दिवसापर्यंत रोज हातात कोंबून म्हणायची, "मना लागू परली गो बाय, तू पन घे." संध्याकाळची शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीची, ती सरावाच्या आधी लिंबाच्या सरबताबरोबर.

"एकीच्याच दोन घेतल्या असत्या तर जास्त झालं असतं," आई मला समजावून सांगत होती. "मी तिघींची एकेक घेतली. तिघींनी मनानं दिलं होतं, कुणाचं मोडायचं?"

डॉक्टरला हसावं की रागवावं ते कळेना. तिने सांगितलं की एकाच गटातल्या औषधाचा दिवसाला तिप्पट मारा झाला, आणि आज तो रिकाम्या पोटी. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून बघितलं तेव्हा जठरात एक व्रण होता, कडेने रक्त झिरपत होतं. रक्त चढवायची वेळ थोडक्यात टळली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं झालं होतं, ठणका गुडघ्यात आणि जखम पोटात. डॉक्टरने ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या लिहिल्या आणि आईचा हात धरून सांगितलं, की यापुढे या गटातली एकही गोळी पोटात जाता कामा नये, नाव कुठलंही असो.

आईने एकच विचारलं, "मग मी लेझीम कशी खेळू?"

डॉक्टर म्हणाली, व्रण भरेल, रक्त भरून येईल, महिन्याभरात चालाल. गुडघा मात्र दुखेल. मला आईचा राग आला आणि रडूही आलं. बाई मरता मरता वाचली आणि हिला लेझमीची पडलीय. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं. तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती.

हॉस्पिटलातल्या त्या दिवसांत बोलायला काही नव्हतं म्हणून मी तिला गिधाडांचं सांगितलं. हे मला कॉलेजात कळलं होतं आणि तेव्हापासून डोक्यातून गेलं नव्हतं. हेच औषध गुरांनाही देत. दुखणाऱ्या, लंगडणाऱ्या जनावराला टोचायचे. जनावर मेलं की गिधाडं खायची, आणि मांसातल्या उरल्यासुरल्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. माणसाला चालतं ते त्यांना अजिबात चाललं नाही. आकाशातली गिधाडं जवळपास संपली, तेव्हा कुठे कारण कळलं आणि गुरांना ते देणं बंद केलं.

आई उशीला टेकून उठून बसली. तिला गिधाडं आठवत होती. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा होती, तिथे ती रांगेने बसायची. तिच्या आज्याच्या तरुणपणी ती ढोरं ओढून न्यायचं काम आपल्या माणसांच्या गळ्यात होतं. मग आपल्या माणसांनी ठरवून ते सोडलं. गाव चिडलं, वाळीत टाकायच्या गोष्टी झाल्या. आजा म्हणाला होता, ज्याचं ढोर त्याने ओढावं. पुढे ज्याचं त्याने कसंबसं वेशीबाहेर टाकायचं आणि गिधाडं उरलेलं काम करायची. नंतर कधीतरी माहेरी गेल्यावर तिला ती दिसली नाहीत. तिला वाटलं होतं, तीही शहराला निघून गेली असतील.

"आम्ही बोलून सोडलं," ती म्हणाली. "त्यांना बिचाऱ्यांना बोलताच आलं नाही." मी तिच्या पायावरची चादर सारखी केली आणि खाली चहा आणायला गेले.

ती घरी आल्यावर आठवडाभरात मी सभागृहात धडकले. हातात काचेचे दोन पेले, लिंबं, खाण्याचा सोडा, थर्मासात कोमट पाणी आणि तो डबा. बायांना वाटलं सरबत आहे. मी डबा सतरंजीवर उपडा केला आणि सगळ्यांना आपापल्या गोळ्या ओळखायला लावल्या. मग प्रत्येक रंगाची एकेक पूर्ण स्ट्रिप आणली होती ती काढली आणि नावाखालची बारीक अक्षरं वाचून दाखवली. वाचता वाचता माझा आवाज चढत गेला. एकीने डोक्याला हात लावला, आणि शेजारच्या इमारतीतल्या त्या मैत्रिणीला रडूच फुटलं. आई उठून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

मग मी पेल्यांचा प्रयोग केला. एकात लिंबाचा रस, दुसऱ्यात सोड्याचं पाणी, दोन्हींत एकेक भगवी गोळी. ढवळायचं काम बाया आळीपाळीने करत होत्या. बराच वेळ काही होईना, माझी थट्टा सुरू झाली. आणि मग सोड्याच्या पेल्यात भगवा रंग सुटला. लिंबातली गोळी जशीच्या तशी. बायांचा असा गलका झाला की खालचा वॉचमन वर बघायला आला. मला वाटलं, जग जिंकलं.

तेवढ्यात काकी म्हणाली, "मंग पोटान इरघलत न्हाय तर पोट जलतं कसा?"

मी तिला मिठीच मारली. हाच प्रश्न मी कॉलेजातल्या बाईंना विचारला होता आणि बाईंनी मला पुस्तक बक्षीस दिलं होतं. मी सांगितलं, की मुलामा गोळीला पोटात विरघळू देत नाही हे खरं, पण आतड्यातून औषध रक्तात जातं आणि रक्त सगळीकडे जातं. ठणक्याचं रसायन बनवणाऱ्या कारखान्याचा एक जुळा भाऊ जठरात असतो. तो जठराचं आतून संरक्षण करणारा लेप टिकवतो. गोळीला दोघांत फरक कळत नाही, ती दोघांना टाळं लावते. लेप गेला की पोटातलं आम्ल पोटालाच खायला लागतं. शास्त्रज्ञांनी मग फक्त एकाच भावाला गाठणारी औषधं काढली. पोटं वाचली, पण त्यातल्या काहींनी हृदयाला त्रास दिला आणि ती मागे घ्यावी लागली. याचा अर्थ गोळी वाईट असा नाही. पडून हात मोडतो, दाढ ठणकते, पाळीत पोरगी गडाबडा लोळते, तेव्हा हीच गोळी देवासारखी धावून येते. कुणी, किती आणि किती दिवस, एवढंच डॉक्टरला विचारायचं. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या पिशवीतला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "आता कोनाला देनार न्हाय."

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात धावपळीचा. सकाळी आईचा व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, धरायचा, सोडायचा. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो, असं व्यायामवाल्या ताईने शिकवलं होतं. मग गरम पिशवीचा शेक. पोटातला व्रण भरून आल्यावर डॉक्टरने गुडघ्यावर वरून चोळायचं मलम चालेल म्हणून सांगितलं, कारण त्यातलं औषध रक्तात फार थोडं जातं. पथकाने बसून खेळायचे सगळे प्रकार काढून टाकले आणि उभ्याने खेळायचे बसवले. ते दिसायला आणखी देखणे निघाले. सरावानंतर पिशव्या उघडायच्या, पण आता गूळ-शेंगदाणे, आणि गुडघ्यांच्या तक्रारी. कोण कुठे दुखतंय ते सगळ्या मोठमोठ्याने सांगायच्या. आई तेवढी ऐकत बसायची.

मंडळाचा कार्यकर्ता एकदा येऊन बघून गेला. आईच्या आजारपणाचं त्याला कळलं होतं. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, की मावशींना जमणार नसेल तर आत्ताच सांगा, ऐन वेळी गोंधळ नको. मी त्याला चांगलं सुनावणार होते, पण मलाही तेच विचारायचं होतं. आईला विचारलं तर म्हणाली, जमेल. आणि ओठ मिटले. ती गुपचूप कुठून तरी गोळी घेईल याची मला धास्ती होती. जयंतीच्या सकाळी मी तिची पर्स, तिचा पदर, उशीखालचं, सगळं तपासलं. काही नव्हतं. ती आरशासमोर निळा फेटा बांधत होती आणि मला आरशातूनच बघत होती.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. रस्ता निळ्या झेंड्यांनी भरलेला, गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. सगळ्यात पुढे आई, मागे आम्ही. तिने पहिली शिट्टी वाजवली आणि आमच्या लेझमी एकदम वाजल्या, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. दाराशी उभ्या असलेल्या बाया टाळ्या वाजवत होत्या. एका गॅलरीतून म्हातारी फुलं टाकत होती. काकीने असा ठेका धरला होता की तिच्याकडे बघून ढोलवाला आपला ठेका विसरला. मी रडत होते, हसत होते आणि अर्धा ठोका पुढे होते.

अर्धा रस्ता ओलांडला आणि आईचं पाऊल बदललं. उजवा पाय टेकताना ती हलकेच खांदा झुकवायला लागली. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. शिट्टी वाजतच होती, पण दोन शिट्ट्यांच्या मध्ये ओठ घट्ट मिटत होते. मागे पुरुषांचं पथक, त्याच्या मागे गाण्यांचा टेम्पो, आणि कार्यकर्ता बाजूने पळत हात हलवत होता, चला, चला. मला ओळ सोडून तिच्याकडे पळायचं होतं. काकीने नजरेनेच मला थांबवलं.

मग आईने शिट्टी तोंडाला लावली आणि एक लांबच लांब शिट्टी दिली. लांब शिट्टी म्हणजे थांबा. सगळ्या लेझमी एका क्षणात गप्प झाल्या. मागचं पथक आमच्या पाठीवर येता येता थांबलं. टेम्पोवरचं गाणं जरा वेळ एकटंच वाजलं आणि मग तेही बंद झालं. कार्यकर्ता घामाघूम होऊन आईसमोर आला.

आई वळली. मिरवणुकीकडे तोंड करून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझा गुडघा दुखतोय."

माझ्या हातातली लेझीम खाली आली. आईचा तो आवाज मी ओळखत नव्हते.

"मी बसणार आहे," ती म्हणाली. "जिचा जिचा दुखतोय तिनं बसावं."

मग शेजारच्या इमारतीतली मैत्रीण दुभाजकावर बसली. तिच्याशेजारी काकी. मग एकेक करत जवळजवळ सगळं पथक बसलं, साड्या सावरत, गुडघे चोळत, हसत. कार्यकर्ता घड्याळाकडे बघत होता, पोलिसांकडे बघत होता. शेवटी तो आईजवळ वाकून म्हणाला, "मावशी, समोरच मेडिकल आहे, गोळी आणू का?"

"गोळी नको," आई म्हणाली. "खुर्ची आण."

त्याने दुकानातून प्लास्टिकची खुर्ची आणली. आई भर रस्त्यात खुर्चीत बसली, उजवा पाय सरळ उचलला, धरला, सोडला. पुन्हा उचलला. गॅलऱ्यांतली माणसं बघत होती, मागचे पुरुष लेझमी खांद्यावर टाकून उभे होते, आणि ती अजिबात घाई करत नव्हती. पाणी पिऊन झालं, मांडी दाबून झाली, मग ती उठली आणि खुर्ची बाजूला ठेवायला सांगितली.

मिरवणूक चौकात उशिरा पोचली. पुढे शेवटपर्यंत आम्हीच होतो, कारण आम्हाला बाजूला करायला कुणी पुढे आलंच नाही.